वारुळातली छत्री

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर आहे आणि पूर्वेस माण. दोहोंमधील सरळ अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. परंतु महाबळेश्वरावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर माणच्या वाट्यास जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो. आणि तेवढाही दरवर्षी येईलच, असा भरवसा कोणी देत नाही. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात आणि आपले ओझे तेथेच रिते करतात. डोंगर ओलांडून आलेल्या ढगांत मग देण्यासारखे फारसे उरत नाही. भूगोलात या मुलखाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. नाव ऐकायला मोठे गोड आहे. पण या छायेत बसून कोणाला गारवा मिळाला आहे, असे माणच्या माणसाला विचारून पाहावे!

कुळकजाईच्या डोंगरात उगम पावलेली माणगंगा दहिवडी, म्हसवड करीत पुढे जाते. तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. दोन्ही तीरांना मुरमाड माळ पसरलेले. त्यांवर बाभळी, बोरी, तरवड आणि कुसळी गवत. रोहिणीत वळवाची एखादी सर येते, मृगात आशा लागते आणि नंतर कित्येक आठवडे नुसता वारा वाहतो. पाऊस यायचा असलाच तर तो बहुधा उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत, परतीच्या वाटेवर येतो. असा पाऊस दोन-तीन दिवस मनापासून पडला आणि मागून उबदार ऊन पडले, की एके सकाळी माळावर नवल दिसते. काल जेथे काही नव्हते, तेथे पांढऱ्याशुभ्र छत्र्या उघडून उभ्या असतात. शेळ्या-मेंढ्यांमागे हिंडणारी मुले त्या प्रथम पाहतात. कोणी त्यांना अळंबी म्हणतो, कोणी भूछत्र म्हणतो, आणि नको असलेल्या छत्रीला सगळेच ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतात.

एका रात्रीत एवढे मोठे झाड कसे वाढले, असे लहान मुलांना वाटते. वास्तविक ते झाड नव्हेच. अळंबी ही बुरशीच्या कुळातली. तिला हिरवी पाने नाहीत, त्यामुळे उन्हातून आपले अन्न तयार करणे तिला साधत नाही. तिचे खरे शरीर म्हणजे जमिनीखाली पसरलेले केसाहून बारीक तंतूंचे जाळे. कुजका पाला, वाळके गवत, जुने शेणखत, लाकूड यांतून ते अन्न शोषून घेते आणि महिनोन् महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. भरपूर ओल मिळाली म्हणजे हे जाळे छत्री वर पाठवते. आंब्याला जसा आंबा, तशी त्या जाळ्याला ही छत्री. तिच्या खालच्या बाजूस पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पदर असतात. त्यांतून धुळीहून सूक्ष्म असे लक्षावधी बीजाणू गळतात आणि वाऱ्यावर निघून जातात. एवढे काम झाले की छत्री एक-दोन दिवसांत काळवंडते, वितळते आणि नाहीशी होते.

या सर्व छत्र्यांत वारुळावर उगवणारी अळंबी जाणकारांना विशेष प्रिय आहे, आणि तिची हकीकतही तशीच ऐकण्याजोगी आहे. वारूळ म्हटले की मुलांना नाग आठवतो. नागपंचमीला वारुळाची पूजा होते आणि त्या दिवशी जमीन खणू नये, असा रिवाज आहे. पण वारूळ नागाने बांधलेले नसते; ते वाळवीचे घर. घराचे वासे, शेतातील धसकटे, दप्तरातील कागद, काही म्हटल्या काही न सोडणारी ही वाळवी शेतकऱ्याच्या शिव्या खाते, परंतु ती स्वतःही एक शेतकरीण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वाळवीच्या काही जाती वाळके गवत आणि लाकूड खाऊन वारुळाच्या पोटात त्याच्या मऊ, सच्छिद्र पोळ्या रचतात. या पोळ्यांवर त्या एका विशिष्ट बुरशीची लागवड करतात. लाकडातील जो कठीण भाग वाळवीला पचत नाही, तो ही बुरशी मऊ करून देते आणि शिवाय स्वतःवर पांढरे बारीक दाणे धरते; वाळवी ते खाते. वारुळातील हवा आणि ओल कामकरी वाळव्या अशी राखतात की बाहेर वैशाखाचा वणवा असला तरी आतील मळा सुकत नाही. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. माणसाला नांगर धरून दहा-बारा हजार वर्षेदेखील झालेली नाहीत. वयाचा मान द्यायचा तर तो कोणाला द्यावा, हे सांगायला नको.

पावसात वारूळ भिजले की हा मळा आपली छत्री वर पाठवतो. पोळी असते जमिनीत हातभर खोल. तेथून वर यायचे म्हणजे दांड्याला मुळासारखे लांब शेपूट हवे. ते असते. छत्रीच्या माथ्यावर माती फोडण्यासाठी एक टणक टोकही असते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ साली या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘वाळवीची बुरशी’ एवढाच. आफ्रिकेतील झांबिया देशात या कुळातील एका जातीची छत्री एक मीटरपर्यंत रुंद होते. तिच्याखाली शाळकरी मूल पावसात उभे राहू शकेल! आपल्याकडची छत्री फार तर तळहाताएवढी, पण चवीला तीही कमी नाही. गोव्यात व कोकणात पावसाळ्यात ती बाजारात येते, पानांत गुंडाळून जुड्यांनी विकली जाते आणि तिच्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात.

येथवर सर्व गोड आहे. अडचण अशी, की माळावर उगवणारी प्रत्येक पांढरी छत्री वारुळाची नसते, आणि विषारी छत्री आपल्या अंगावर तशी पाटी लावून उगवत नाही.

विषारी अळंबी ओळखण्याच्या खुणा म्हणून गावोगाव पुष्कळ गोष्टी सांगतात. चांदीचे नाणे कालवणात टाकावे, विष असल्यास ते काळे पडते. लसणाची पाकळी टाकावी, तिचा रंग बदलतो. किड्यांनी कुरतडलेली छत्री निर्धोक. पांढरी चांगली, रंगीत वाईट. या सर्व खुणा खोट्या आहेत. नवल असे, की जगाच्या पाठीवर कोठेही जावे, थोड्याफार फरकाने याच खुणा सांगणारी माणसे भेटतात. खोटेपणाला प्रवास फार सोसतो. चांदी काळी पडते ती गंधकाने, आणि अळंबीच्या विषाचा गंधकाच्या त्या खेळाशी संबंध नाही. गोगलगाय किंवा किडा जे पचवतो ते माणसालाही पचेल, असा निसर्गाने कोणाशी करार केलेला नाही.

युरोपातील डोंगरांवर बीच आणि ओक वृक्षांची दाट अरण्ये आहेत. तेथे या झाडांच्या मुळांशी जोडलेली एक फिकट हिरवट छत्री उगवते. इंग्रजीत तिच्या नावातच मृत्यू आहे. दांड्यावर झालरीसारखे कडे, खालचे पदर पांढरे, आणि बुडाशी, बहुधा पाल्यात दडलेली, एक पांढरी पिशवी. वर वर खुडणाऱ्याला ती पिशवी दिसतच नाही. या छत्रीला वास वाईट नाही. चवही चांगली लागते, असे ती खाऊन वाचलेल्यांनी सांगितले आहे. शिजवल्याने किंवा वाळवल्याने तिचे विष जात नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग ओकाऱ्या आणि जुलाब होतात, एखादा दिवस बरे वाटते, घरची माणसे निःश्वास टाकतात. आणि त्या दिवसात विष यकृताचा घात करीत असते. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहावा चार्ल्स १७४० साली अशाच अळंबीच्या जेवणानंतर मरण पावला, असे सांगतात. त्याच्या मागे वारशाचे भांडण पेटले आणि युरोप आठ वर्षे लढत राहिला. इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात आसामातील चहामळ्यांच्या परिसरात रानातून वेचून आणलेली अळंबी खाल्ल्यामुळे तेरा माणसे दगावली. ती हौसेने रानात गेलेली माणसे नव्हती; रानातली भाजी वेचून चूल पेटवणारी, कष्टाचे खाणारी माणसे होती.

बीच वृक्ष माणच्या माळावर नाहीत, म्हणून त्यांच्या मुळांशी नाते सांगणारी ती छत्रीही तेथे शोधायला नको. पण गवताळ जागा आणि जुने शेणखत आवडणारी दुसरी एक विषारी छत्री उष्ण देशांत पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि ती महाराष्ट्रातही आहे.

एका वर्षी हस्ताचा पाऊस सलग तीन दिवस पडला. म्हसवडच्या बाजूच्या एका वाडीतील अकरा-बारा वर्षांचा मुलगा शेळ्या घेऊन माळावर गेला होता. एका जुन्या वारुळापासून पाच-सहा पावलांवर त्याला पांढऱ्या छत्र्या दिसल्या. एक, दोन, दहा. आणि त्या साऱ्या कोणीतरी आखून दिल्याप्रमाणे वर्तुळात उभ्या होत्या. बशीएवढ्या रुंद, माथ्यावर तपकिरी खवले, बाकी सारे पांढरे. घरी त्या आठवड्यात भाकरीबरोबर खायला चटणीखेरीज काही नव्हते. मुलाने पंचा पसरला आणि छत्र्या खुडखुडून भरल्या. येताना वाटेत शेजारच्या काकू भेटल्या. त्यांच्या घरी दोन लहान मुले. मुलाने मोठ्या मनाने निम्म्या छत्र्या त्यांच्या ओट्यात घातल्या.

आजी ओसरीवर जोंधळे निवडीत बसली होती. पंचा पुढे येताच तिने एक छत्री उचलली आणि उलटी केली. खालचे पदर पांढरे होते. तिने दांडा पाहिला. दांड्यावर एक कडे होते. बोटाने सरकवताच ते अंगठीसारखे वरखाली झाले. आजीचा हात थांबला.

“कुठनं आणलीस रं ही?”

“वारुळाजवळनं, आज्जे. लई हायती अजून.”

“वारुळातनं, का वारुळाजवळनं?”

मुलाला या दोहोंतला फरक कळला नाही.

“बूड कुठंय हिचं?”

“वरच्या वर मोडून घेतल्या.”

“मंग निम्मी वळख तर मातीतच ऱ्हायली की, बाळा. आन् एवढ्याच कशा? पंचा भरला हुता म्हंतोस न्हवं?”

मुलाने काकूंचे नाव सांगितले मात्र, आजी जोंधळ्याचे सूप तसेच टाकून उठली. सत्तरी उलटलेली बाई, पण शेजारचे घर तिने चार ढांगांत गाठले. चुलीवर तवली चढलेली होती. कांदा परतल्याचा वास घरभर सुटला होता आणि दोन्ही मुले चुलीपाशी ताटली घेऊन बसली होती.

“उतरीव ती तवली, पोरी.”

“का वं आत्ती? चांगली पांढरीशिप्पट हायती. मी पायातलं जोडवं धुऊन टाकून बघितलं त्यात. काळं न्हाय पडलं.”

“जोडव्याला इख कळत आसतं, तर दवाखानं कशाला बांधलं आसतं गं? उतरीव आदी.”

तवली उतरली, परंतु काकूंच्या कपाळावरची आठी उतरली नाही. घरातले उरलेसुरले तेल त्या कालवणात गेले होते. दोन भुकेली पोरे आणि समोर शिजत आलेले अन्न. ते टाकून दे म्हणणाऱ्याचा राग न यावा, अशी आई विरळाच. आजीलाही हे कळत होते. “टाकू नगंस. झाकून ठेव आन् माझ्यासंगं चल. तुझ्या डोळ्यांनी बघ,” असे ती म्हणाली, आणि खुरपे घेऊन तिघेही माळावर गेली.

वारुळाच्या तोंडाशी हात घालण्याची आजीची पद्धत नव्हती. तिने काठीने भोवतालचे गवत बडवून घेतले. मग वर्तुळातील एक छत्री सोडवत तिने बुडाशी खुरपे घातले. दोन बोटे माती निघाली आणि छत्री उपटून हातात आली. बूड जाडसर, गोल. त्याखाली पांढरी जाळी आणि माती. लांब शेपटाचा पत्ता नव्हता. “वारुळाची छत्री आशी हातात येत न्हाय. तिचं मूळ खणत खणत जावं लागतं,” आजी म्हणाली. मग ती वर्तुळाच्या कडेने पुढे गेली. आदल्या दिवशी उघडलेल्या दोन जून छत्र्या गवतात कलल्या होत्या. त्यांतली एक तिने उलटी करून काकूंच्या हातात दिली.

खालचे पदर हिरवट झाले होते. शेवाळाने माखलेल्या पाण्यासारखा मळकट हिरवा रंग.

काकू काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी परड्यात खड्डा केला, तवली त्यात रिती केली आणि वर माती लोटली. त्या रात्री दोन्ही घरी चटणी-भाकरी झाली.

आजीने जे पाहिले, त्याला शास्त्राचाही दाखला आहे. या छत्रीचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायलम’ असे आहे. ‘हिरव्या पानांचे’ हा त्या ग्रीक शब्दांचा अर्थ. कोवळेपणी तिचे पदर पांढरे असतात, आणि फसगत होते ती याच वेळी. बीजाणू पिकू लागले की पदरांवर हिरवी झाक चढते. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत पोटात कळा येतात, ओकाऱ्या आणि जुलाब लागतात. मोठी माणसे बहुधा बरी होतात. लहान मुलांच्या अंगातले पाणी मात्र पाहता पाहता कमी होते आणि त्यांच्या जिवावर बेतते. अशा वेळी घरगुती उतारे शोधण्यात वेळ न घालवता रोग्यास तडक दवाखान्यात न्यावे लागते, आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, बरोबर न्यावी लागते. ती पाहून विष कोणत्या जातीचे, याचा डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. बरे वाटू लागले म्हणून मध्येच घरी परतणे हा सर्वांत मोठा धोका. सम्राटाच्या छत्रीची गोष्ट वर आलीच आहे.

पदर अजून पांढरे असताना ही छत्री ओळखण्याची एक युक्ती अभ्यासकांपाशी आहे. छत्रीचा दांडा कापून तिचा माथा पांढऱ्या कागदावर, पदर खाली येतील असा, ठेवतात आणि वर वाटी पालथी घालतात. रात्रभर बीजाणू गळत राहतात. सकाळी वाटी उचलली म्हणजे कागदावर पदरांची नक्षी उमटलेली असते. चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा, मध्यापासून कडेपर्यंत. वारुळाच्या अळंबीची नक्षी फिकट गुलाबी उमटते. बाजारात डब्यातून मिळणाऱ्या पांढऱ्या अळंबीची गर्द तपकिरी. माळावरच्या या छत्रीची हिरवी. एवढ्या मोठ्या छत्र्यांत हिरवी नक्षी उमटवणारी दुसरी सहसा आढळत नाही. तरी पण केवळ रंगावरून कोणतीही छत्री खाण्याजोगी ठरत नाही. युरोपातील त्या जीवघेण्या छत्रीची नक्षी शुभ्र पांढरी असते, आणि खाण्याच्या कित्येक छत्र्यांचीही तशीच असते. म्हणून जाणकार माणूस माथा, पदर, कडे, दांडा, बूड, जागा आणि ऋतू हे सारे एकत्र पाहतो, आणि त्यांतले एक जरी जुळले नाही तरी छत्री जेथल्या तेथे सोडतो.

आजीला अक्षरओळख नव्हती, आणि कागदावरची नक्षी तिने कधी पाहिली नव्हती. तिची रीत याहून अवघड होती. दुसऱ्याने खुडून आणलेली अळंबी ती कधीच रांधत नसे. जमिनीतून निघताना स्वतः पाहिलेली तेवढीच घरात येई. त्यामुळे तिच्या घरी अळंबीचे कालवण वर्षातून एखाद्या वेळीच होई, आणि पाऊस न झालेल्या वर्षी तेही होत नसे.

माळावरचे ते वर्तुळ मात्र तेथेच राहिले. अशा बुरशीचे जाळे एका ठिकाणापासून चहूकडे सारखे पसरत जाते आणि छत्र्या येतात त्या त्याच्या कडेला. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी वर्तुळ पुन्हा उमटले की ते मागच्याहून थोडे रुंद झालेले दिसते. पुढच्या हस्तात ते उमटले, तेव्हा त्याची एक बाजू वारुळाकडे थोडी सरकली होती. शेळ्यांमागच्या धाकट्या पोरांना तो मुलगा काठीच्या टोकाने एक एक छत्री उलटी करून दाखवत होता, आणि पोरे वाकून वाकून खालचा हिरवा रंग शोधत होती.